मदत हवी आहे: कामाच्या बोलेरो कॅम्परमध्ये रात्रीच्या मुक्कामाची सोय, बजेट ६० हजार (इंदूर)

राऊकर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची राऊच्या पुढे छोटी रोपवाटिका आहे आणि कामासाठी सेकंडहँड बोलेरो कॅम्पर घेतलीय, डबल केबिनवाली, टू व्हील ड्राइव्ह, पिवळी नंबरप्लेट. सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत हौद्यात कुंड्या, खताच्या गोण्या, लॉनचे गठ्ठे असं काय काय भरलेलं असतं. म्हणजे जे काही बनवीन ते शनिवारी चढवून रविवारी रात्री उतरवता आलं पाहिजे, सोमवारी सकाळी ७ ला हौदा रिकामा लागतोच. लोक यूट्यूबवर दाखवतात तसं कायमचं लाकडी घर मला चालणारच नाही.

हे सगळं करायचंय ते आईबाबांसाठी. बाबा रिटायर झाले तेव्हापासून त्यांच्या मनात नर्मदाकाठ आहे. महेश्वर, मंडलेश्वर हे झालंच, पण त्यांना अशा गावांत थांबायचं असतं जिथे लॉज नाही, पहाटे उठून नदीवर जायचं, दिवसभर घाटावर बसायचं. हनुवंतियाच्या बॅकवॉटरकडे पण जायचंय, आणि जाम गेटवरून महूच्या रस्त्याने परत यायचं. मी लहान असताना त्यांनी दुकान सोडून कुठे जाणं झालंच नाही, आता त्यांना वेळ आहे आणि माझ्याकडे गाडी आहे तर हे दोन-तीन हिवाळे मला वाया घालवायचे नाहीत. आईचे गुडघे मात्र खराब आहेत, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे गाडीच्या टपावर बसवायचा तंबू (रूफटॉप टेंट) पहिल्या दिवशीच बाद केला. शिडी चढणं तिला शक्य नाही, आणि त्याची किंमतही माझ्या पूर्ण बजेटच्या वर जाते.

आता अडचणी. हौदा टेपने मोजला, लांबी पाच फुटांना थोडी कमीच भरते आणि बाबा पाच फूट नऊ इंच आहेत. रुंदी लांबीपेक्षा जास्त आहे पण आडवं झोपायचं म्हटलं तरी बाबांचे पाय दुमडावेच लागतात. एका वर्कशॉपमध्ये फायबरची कॅनोपी विचारली, त्यांनी एक लाखाच्या वर आकडा सांगितला आणि ती बसवायला हौद्याला भोकं पाडावी लागतील म्हणाले, मी तिथूनच परत आलो. दुसरीकडे एक वेल्डिंगवाला म्हणतो चौकोनी पाइपची फ्रेम आणि वर पत्रा मारून देतो, पण ते वजन दर शनिवारी कोण चढवणार?

तर मला हे विचारायचंय की झोपायची लांबी कशी वाढवायची, वर कव्हर कशाचं करायचं जे दोन माणसांना काढता-घालता येईल, रात्री एक पंखा, दोन दिवे, मोबाइल एवढं चालेल अशी बॅटरी कशी करायची आणि ती गाडीच्या बॅटरीवर घेतली तर चालेल का, आणि आरटीओ किंवा विम्याचा काही त्रास होईल का. जाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करणार आहोत, माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा थंडीचाही विचार करावा लागेल. ज्यांनी स्वतः असं केलंय त्यांनी जरूर लिहा, वजनाचे आणि मापाचे आकडे दिले तर फारच उपकार होतील.

देवासकर

राऊकर भाऊ, माझं फॅब्रिकेशनचं काम आहे आणि माझ्या स्वतःच्या पिकअपला मी हे केलंय म्हणून सांगतो. पत्रा आणि फ्रेमचा विचार सोडा. तुमच्या गाडीला हौद्याच्या बाहेरून रस्सी बांधायचे हुक आहेत ना, त्याच्यावरच सगळं उभं करायचं, एकही भोक पाडायचं नाही.

झोपायला लोखंडी फ्रेम न करता जस्ती पत्र्याच्या पेट्या घ्या, एकसारख्या उंचीच्या, साधारण दहा इंच. चार पेट्या खाली मांडल्या की त्याच तुमचा पलंग आणि त्याच तुमचं कपाट. वर १२ एमएमचं प्लाय, दोन तुकड्यांत कापून घ्या. ८ बाय ४ चं १२ एमएम प्लाय बावीस-चोवीस किलोच्या आसपास असतं, १८ एमएमचं पस्तीसच्या घरात जातं, आणि पेट्यांचा आधार जवळजवळ असल्यामुळे १२ पुरतं. पेट्या रॅचेट पट्ट्याने हुकांना आवळून टाका, ब्रेक मारला की सरकता कामा नयेत. सोमवारी चार पेट्या गोडाऊनमध्ये, काम संपलं.

लांबी वाढवायची तर मागचा फाळका उघडा ठेवायचा. प्लायच्या मागच्या तुकड्याला बिजागरी लावून एक फळी जोडा जी उघडल्यावर फाळक्याच्या वर येईल, आरामात सव्वासहा फूट होतात. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, फाळक्याची साखळी माणसाच्या झोपेच्या वजनासाठी नसते. फळीच्या टोकाला खाली जमिनीपर्यंत दोन घडीचे पाय द्या, पाइपात पाइप सरकवून पिनने उंची लावता येईल असे, कारण जमीन सपाट मिळत नाही. पायाखाली लाकडाचा चौकोनी तुकडा ठेवा नाहीतर मऊ मातीत रुततात.

कव्हरसाठी तीन कमानी, अर्ध्या इंचाच्या जीआय पाइपच्या, आणि वर सुती कॅनव्हासचं तिरपाल. ते निळं-पिवळं प्लास्टिकचं तिरपाल झोपायच्या जागेवर घालू नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड प्लास्टिकला लागते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात, पांघरुणं ओली होतात. कॅनव्हास श्वास घेतं. तरी दोन्ही टोकांना जाळीची खिडकी शिवून घ्याच, एक पुढे वरती आणि एक मागे, म्हणजे हवा फिरते. थंडी खालून जास्त लागते, प्लायवर एक ईव्हीए फोमची मॅट आणि मग गादी.

अर्थिंग_भोपाळ

बॅटरीचं मी सांगते. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर पंखा चालवू नका, सकाळी सेल्फ लागला नाही तर आईवडिलांना घेऊन जंगलात उभे राहाल. आधी हिशोब करा. १२ व्होल्टचा छोटा पंखा १५ वॅट, आठ तास म्हणजे १२० वॅट-तास. दोन एलईडी मिळून १० वॅट, चार तास, ४० झाले. मोबाइल धरून सगळे २०० च्या आत. हिवाळ्यात तर पंखा लागणारच नाही बहुतेक. १२.८ व्होल्ट ४० एएचची (ॲम्पिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत तर ५१२ वॅट-तास मिळतात, दोन रात्री निवांत निघतात. घरी चार्जरवर शनिवारी भरून न्या, सोलरवर पैसे घालू नका, तुम्हाला गरजच नाही. साधी लेड-ॲसिड स्वस्त पडते पण ती अर्ध्यापेक्षा जास्त उतरवली की लवकर मरते, आणि वजनही बरंच.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात लावा, सगळ्यात आधी तोच. स्विच, सॉकेट इंदूरलाच जेल रोडवर किंवा महारानी रोडवर मिळून जाईल. बॅटरी एका पेटीत घट्ट बसवा, पेटी पत्र्याची आहे तर टर्मिनलवर रबरी टोपी हवीच.

आणि कृपा करून एवढं ऐका, थंडी आहे म्हणून तिरपालाच्या आत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवू नका, खिडकी उघडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. गरम पाण्याची पिशवी घ्या, चांगली रजई घ्या. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, पाच किलोचा छोटू सिलेंडर पुरे.

राऊकर

दोघांचे खूप आभार, पेट्यांची आयडिया डोक्यातच आली नव्हती आणि ती आमच्या कामात एकदम बसते. देवासकर भाऊ, एक शंका, पेट्यांवर प्लाय, त्यावर गादी म्हटलं की झोपायची उंची जमिनीपासून जवळजवळ चार फूट जाते. आईला दोन पायऱ्यांचं स्टूल दिलं तरी रात्री उठायचं असेल तेव्हा काय? ही गोष्ट मला सुटत नाहीये.

संध्याताई_लोकमान्यनगर

अरे बाळा, आईला हौद्यात चढवूच नकोस. माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही असेच फिरलो आहोत. तिला घडीची खाट घे, गुडघ्याच्या उंचीची, जिच्यावरून ती स्वतः उठू शकेल. खाट फार खाली असली की गुडघेदुखीवाल्याला उठवत नाही, त्यामुळे आणायच्या आधी तिला बसवून बघ. गाडीच्या बाजूला तेच तिरपाल पुढे ओढून दोन बांबूंवर पडवी करायची, तिन्ही बाजूंना पडदे, आत दोन खाटा, एक आईची एक बाबांची. हौद्यात तू झोप, सामान तुझ्यापाशी. असं केलंस तर फाळक्याची फळी, तिचे पाय, तो सगळा खर्चही वाचेल, तू आडवातिडवा झोपू शकतोस.

अजून एक, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. घडीची कमोड खुर्ची घे. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. रात्री अंधारात शेतात जाणं तिला जमणार नाही, आणि ती पाणी प्यायचं कमी करेल, आमच्याकडे हेच व्हायचं, संध्याकाळपासून सासूबाई घोटभर पाण्याला नको म्हणायच्या. खुर्चीभोवती एक वेगळा पडदा लाव म्हणजे तिला संकोच वाटणार नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइप सहा फुटांचा, दोन्ही टोकं बंद, एक तोटी, काळा रंग मारून कॅरियरवर बांध. पंधरा लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि दुपारच्या उन्हात छान कोमट होतं.

काळीमाती

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ असा की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करता येत नाही. तुम्ही जे करताय ते उतरवता येणारं सामान आहे, पट्ट्याने बांधलेलं, त्यामुळे तो रस्ता बरोबर आहे. बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) लावायचा विचार असेल तर लावू नका, त्याला २०१७ पासून मनाई आहे. फिटनेसला गाडी नेताना हौदा रिकामा. शंका असेल तर नायता मुंडल्याला आरटीओत कमानींचा फोटो दाखवून विचारून घ्या.

विम्याचं जास्त महत्त्वाचं आहे. ही मालवाहू गाडी, हौद्यात चालत्या गाडीत कोणीही बसायचं नाही हे तर झालंच, पण केबिनमध्ये बसलेल्या घरच्या माणसांनाही थर्ड पार्टी विम्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही. मालवाहू गाडीतून नेलेल्या फुकट प्रवाशांबद्दल कोर्टाचा निकाल आहे. तुमच्या पॉलिसीत केबिनमधल्यांसाठी काय जोडता येतं ते विमा कंपनीकडून लेखी घ्या आणि आईबाबांची वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, ती फार महाग नसते. बजेटमधून ही रक्कम आधी बाजूला ठेवा.

आता रस्ता. रिकामी पिकअप मागून हलकी असते आणि जोर मागच्या चाकांवर, आपल्या काळ्या मातीत थोडा जरी ओलावा असला तरी फसते. माल भरलेला असतो तेव्हा तुम्हाला हे जाणवत नसेल. पाण्याचे जार मागच्या धुरीच्या (ॲक्सलच्या) थोडे पुढे ठेवा, चार बारदानं आणि एक फावडं कायम गाडीत. सगळं भरून एकदा धर्मकाट्यावर वजन करा, मग टायरची हवा ठरवा. गणपती घाटाकडून जाणार असाल तर उतारावर गिअर खालचाच.

आणि नर्मदेच्या पात्रात, रेतीवर, बेटावर मुक्काम करू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात, आभाळ स्वच्छ असताना पाणी वाढतं. २००५ ला धाराजीला जे झालं, धरणातून सोडलेल्या पाण्यात घाटावरचे लोक वाहून गेले, ते आपल्याकडच्या लोकांना आठवत असेल. गावाच्या बाजूला, उंचावर, मंदिराच्या किंवा धर्मशाळेच्या आवारात विचारून थांबा, लोक आनंदाने जागा देतात. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही.

राऊकर

ताई, तुमचं वाचून आईला दाखवलं. ती खुर्चीचं वाचून आधी गप्प झाली, मग म्हणाली हे असेल तर मी येते, नाहीतर तुम्ही दोघं जा असं मी सांगणार होते. मला हे माहीतच नव्हतं.

तर ठरलं, पेट्या चार, प्लाय दोन तुकडे, फाळक्याची फळी नाही, बाजूला पडवी, दोन घडीच्या खाटा, ४० एएच बॅटरी. विम्याचे आणि पॉलिसीचे पैसे आधी काढून ठेवतोय, उरलेल्यात हे सगळं बसतंय. छावनीत एक तिरपाल शिवणारे काका आहेत, ते म्हणतात हौद्याचं आणि पडवीचं कापड एकसंध करू. देवासकर भाऊ, एकसंध चालेल का वेगवेगळं? आणि शिलाईतून पाणी गळतं का?

देवासकर

वेगवेगळं करा. एकसंध कापड ओलं झालं की दोन माणसांना उचलवत नाही, आणि रात्री वारा सुटला तर पडवी हौद्याचं कव्हरही ओढते. हौद्याच्या काठावर सहा इंच कापड एकावर एक येईल असं ठेवा, मधे आयलेट आणि दोरी. शिलाई दुहेरी, दुमडून. कापड शिवून आलं की घरी अंगणात ताणून बांधा, पाइपने पूर्ण भिजवा आणि तसंच बांधलेलं वाळू द्या, दोनदा. सुती धागा फुगून सुईची भोकं धरतो आणि कापड जेवढं आटायचं तेवढं आटून जातं. हे कमानी कापायच्या आधी करा, कमानींची मापं वाळलेल्या कापडावरूनच घ्यायची.