जुलैत सिंगापूर ते न्यूझीलंड: स्वेटर, मेतकूट आणि मिलफर्ड

आई-बाबांना जुलैत सिंगापूर-ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ग्रुप टूरला पाठवत असाल, तर दोन शब्द. थंडीसाठी 'एक शाल पुरे' असं कुणी सांगितलं, तर ते सिंगापूरच्या मॉलमधल्या एसीपुरतं ठीक. बाहेर तिथे बारा महिने घामाच्या धारा. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाऊनला मात्र जुलैत ऐन हिवाळा, पहाटे पारा शून्याखालीही जातो. थर्मल आणि कानटोपी आत्ताच शोधायला लागा, पुण्यात भर पावसात स्वेटरवाले सापडत नाहीत.

खरी गंमत खाऊची. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. भाकरवडी, लाडू, मेतकुटाची पुडी, अगदी विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा. फॉर्मवर सरळ 'हो' करायचं. फार तर एखादी वस्तू काढून घेतील. लपवलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड! मध तर नेऊच नका. घरच्या डब्यांपेक्षा छापील लेबलचं सीलबंद पाकीट बरं, अधिकाऱ्याला मेतकूट समजावत बसावं लागत नाही.

टूरवाल्यांना एक मात्र आधीच विचारा: मिलफर्ड साउंड, म्हणजे न्यूझीलंडमधली डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, तिचा रस्ता हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने अधूनमधून बंद ठेवतात. तसं झालं तर त्या दिवशी काय दाखवणार आणि पैसे परत देणार का, हे लेखी घ्या. तोंडी 'बघू हो काका' चालवून घेऊ नका. आणि मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ताम्हिणीला नेता तसे रेनकोट तिथेही हवेतच.