व्हॅली स्किपिंग म्हणजे कटकट? मग जाळा दिव्यांचा ड्रायव्हर!

मचूळपाणी: नवख्यांसाठी आधी: पीएफसी म्हणजे मेन्समधून घेतलेला करंट व्होल्टेजच्या आकाराचा ठेवणारं, ड्रायव्हरमधलं सर्किट. त्यातला मॉस्फेट, म्हणजे स्विचचा ट्रान्झिस्टर, बंद असताना त्याच्यावरचं व्होल्टेज हेलकावत तळाला जातं, ती व्हॅली; लोड कमी असताना एखाद-दोन व्हॅली सोडून मग स्विच चालू करायचा, ते स्किपिंग. काल इथे एकाने छातीठोक लिहिलं, 'पीएफसी कंट्रोलरमधलं व्हॅली स्किपिंग बंद करा, कायम पहिल्याच व्हॅलीवर ठेवा, ड्रायव्हरची शिट्टी थांबते.' थांबते हो. पण दिवे ३० टक्क्यांवर डिम झाले की फ्रिक्वेन्सी कुठवर चढते ते बघितलंत? २३० व्होल्टचा पीक ३२५, पीएफसीच्या आउटपुटची डीसी बस ४००ची. म्हणजे पीकवर व्हॅली ३२५ची दुप्पट वजा ४००, २५० व्होल्टांवर, शून्याच्या आसपासही नाही. मॉस्फेटच्या कपॅसिटन्समध्ये साठलेलं सगळं दर स्विचिंगला त्याच्याच पोटात जळतं. गुहागरात अशा एका डब्याच्या हीटसिंकवर बोट ठेवलं होतं. फोड आला.

खाडीपलीकडे: तो एकजण मीच. माझे वीस ड्रायव्हर एका होमस्टेच्या पडवीत आहेत. रात्री दोनला मालकाचा फोन, 'पडवीत रातकिडा बसलाय, पाहुणे झोपत नाहीत.' रातकिडा कसला, ड्रायव्हरमधली इंडक्टरची कॉइल! स्किपिंग बंद केलं, रातकिडा मेला. तुमचं गणित घाला चुलीत.

मचूळपाणी: हिस्टेरिसिस, म्हणजे व्हॅली बदलायच्या जाण्या-येण्याच्या उंबरठ्यांतलं अंतर, किती ठेवला होतात? लोड दोन व्हॅलींच्या सीमेवर लटकला की कंट्रोलर पहिली-दुसरी, पहिली-दुसरी करत बसतो. शिट्टी त्या उड्यांची. शिवाय व्हॅली सोडली की ऑन-टाइम (स्विच चालू राहण्याचा वेळ) वाढवावा लागतो, नाहीतर करंटचा आकार बिघडतो. ते तरी केलंत?

मिठागर: सेटिंग कसलं घेऊन बसलात, खारा वारा बघा. इंडक्टरच्या कोअरचं वार्निश सुटलं की तो वाजणारच. मी बोर्डाला बायकोचं नेलपॉलिश लावतो.

खाडीपलीकडे: नेलपॉलिश!! 😂

मिठागर: हसा. जेटीवरचा माझा ड्रायव्हर सहा पावसाळे काढून उभा आहे. शहरातून आणलेल्या कोटिंगवाल्या बोर्डाच्या पायांना दुसऱ्याच वर्षी हिरवं चढलं.

मचूळपाणी: खाली सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच ठेवून वर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते. आधी आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) धुवायचं असतं.

मिठागर: आणा की मग आयपीए तालुक्याला! मेडिकलात मागितलं तर तो माणूस मला दारुडा समजला. पुण्यात बसून सल्ले सोपे.

मचूळपाणी: मी चिपळूणचा आहे.

मिठागर: मग तर लाज वाटायला हवी.

शेवटचो खांब: गप रवा रे दोघांय. माका येक सांगा, दिवे डिम होतत नवाक, मगे शिट्टी दोनाकच कित्याक? आमच्या वाडीत सांजेक १७० व्होल्ट, पंप बंद झाले काय मध्यरात्री २५५. ऑन-टाइम बघलास काय कोणी?

मचूळपाणी: हे मात्र माझ्या डोक्यात यायला हवं होतं. लोड तोच असला तरी ऑन-टाइम व्होल्टेजच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. १७० चे २५५ झाले की सव्वादोन पटीने कमी. स्किपिंगचा उंबरठा ऑन-टाइमवर बांधला असेल, तर कंट्रोलरला वाटतं लोडच उतरला. लाइन फीडफॉरवर्ड, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज बघून हे जुळवून घेणं, चालू आहे का तुमचं?

खाडीपलीकडे: ...बंद आहे. मीच केलं होतं, 'कटकट' म्हणून. बरं, उद्या चालू करून बघतो, हिस्टेरिसिसही वाढवतो. पण पुन्हा रातकिडा बोलला तर दोन वाजताचा फोन तुम्ही घ्यायचा.

मिठागर: आणि वार्निश?