प्री-65 ट्रायलमध्ये ‘जुनी गाडी’ कशाला म्हणायचं?

मिडलंड्सवाला

गेल्या रविवारी डर्बीशायरमध्ये एका क्लबच्या जुन्या गाड्यांच्या ट्रायलला उतरलो होतो. गाडी माझी नेहमीचीच, 1958 ची, रॉयल एनफिल्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्याची 350 बुलेट. घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, इथे वेगाला किंमत नाही. ओढ्याचं पात्र, गोटे, चिखल, झाडांची मुळं यांतून एक छोटा टप्पा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. पार झालात तर शून्य, म्हणजे ‘क्लीन’. एकदा पाय टेकला तर 1, दोनदा टेकला तर 2, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी 3. गाडी थांबली, पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर 5. दिवसअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. प्रत्येक सेक्शनवर एक ऑब्झर्व्हर उभा असतो आणि त्याचा शब्द शेवटचा.

आता मुद्दा. या गटाचं नाव ‘प्री-65’, म्हणजे 1965 पूर्वीच्या गाड्या, असं आहे ते उगाच नाही. त्या काळचा नावाजलेला ट्रायल चालक सॅमी मिलर याने 1964 च्या अखेरीस आपली ब्रिटिश एरियल गाडी सोडली आणि स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला. 1965 ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल त्याने त्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकली आणि जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस तिथेच भरले. पुढे या जड गाड्यांना पुन्हा मैदान मिळावं म्हणून 65 ची रेघ ओढली गेली. 1984 पासून स्कॉटलंडमधल्या किनलॉखलेव्हनला प्री-65 स्कॉटिश भरते ती याच भावनेतून.

आज त्या रेघेच्या आत काय चाललंय? नाव टायगर कब (ट्रायम्फची छोटी जुनी गाडी), पण चेसिस गेल्या वर्षी वेल्ड केलेली. फोर्कच्या नळ्या दिसायला जुन्या, आतलं सगळं आधुनिक. हब (चाकाचा मधला भाग, ब्रेकचा ड्रम त्यातच असतो) नवे, योक (फोर्कच्या नळ्या धरणारे आडवे भाग) अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले, इग्निशन इलेक्ट्रॉनिक. जुनी राहिली ती टाकीवरची अक्षरं. ज्या बुल्टाकोला बाहेर ठेवण्यासाठी नियम केला, तिलाच आपण मागच्या दाराने आत घेतलं आहे.

रविवारी सातव्या सेक्शनला दोन खडकांमधून डावीकडे वळायचं होतं. माझ्या पुढचा नव्या बांधणीच्या कबवर होता, तो सहज वळला. माझं हँडल टाकीला जाऊन टेकलं. त्यापुढे ते वळतच नाही, 1958 मध्येही वळत नव्हतं. पुढचं चाक खडकाला लागलं आणि पाच गुण. ते सेक्शन माझ्या गाडीसाठी आखलेलंच नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. चेसिस, इंजिनची केसिंग, फोर्क आणि हब हे चार भाग 1965 पूर्वी बनलेलेच हवेत. बाकी काय हवं ते करा.

लेथमास्तर

मिडलंड्सवाले, तुमचा सल समजतो, पण नियम पटत नाही. मी कॉव्हेंट्रीत गेली बावीस वर्षं लेथ आणि मिलिंगवर काम करतो. जुन्या गाड्यांचे भाग बनवणं हा त्यातला निम्मा धंदा, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही सॅमी मिलरचं नाव घेतलंत, मग त्याची एरियलही बघा. ती जीओव्ही 132 (हा तिचा नंबर) कंपनीतून जशी आली तशी कधीच राहिली नाही. टायटॅनियम, फायबरग्लास, जिथून वजन काढता येईल तिथून त्याने काढलं आणि गाडी सुमारे 245 पौंडांवर आणली. म्हणजे 111 किलो. शोरूममधली त्याच मॉडेलची गाडी याहून कितीतरी जड होती. आज तो तीच गाडी घेऊन आला तर तिलाही नाही म्हणणार का?

आणखी मागे जा. तुमच्या बुलेटचा स्विंगआर्म, म्हणजे मागच्या चाकाला स्प्रिंगवर हलू देणारा दांडा, 1948 च्या फेब्रुवारीत कोलमोर कप ट्रायलला पहिल्यांदा दिसला, तेव्हा जाणकार म्हणत होते की मागचं चाक ताठ असेल तरच पकड मिळते. ह्यू व्हिनीने 1947, 48 आणि 49 अशी सलग तीन वर्षं स्कॉटिश जिंकली ती ताठ चेसिसच्या एजेएसवर. त्या लोकांनी ‘हे आमच्या खेळात नको’ म्हटलं असतं तर बुलेट ट्रायलला आलीच नसती. हा खेळ पहिल्यापासून गॅरेजमध्ये घडत आला आहे.

दुसरं, धातू म्हातारा होतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ पन्नाशीच्या दशकातला खालचा योक घेऊन आले, ‘फक्त पॉलिश करून द्या’ म्हणाले. पेट्रोलने धुतला, वर पांढरी पावडर मारली. स्टेमच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) मुळाशी केसाएवढी काळी रेघ उमटली, अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. त्या योकवर ते गृहस्थ परवापर्यंत दगडांवरून उतरत होते. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की नवा लावलात तर बाद?

आणि मूळ भागच हवेत असा नियम झाला की ते भाग ज्याचा खिसा मोठा त्याच्याकडे जाणार. नव्या बांधणीचा कब महाग आहे खरा, पण 1965 पूर्वीचा धड हब त्याहून दुर्मिळ होईल.

एक पाय वर

लेथमास्तर, मिलरने जे केलं ते त्याच्या काळातल्या माहितीवर आणि त्याच्या काळातल्या सामानावर केलं. साठ वर्षांनंतरचं ज्ञान जुन्या टाकीखाली घालणं ही वेगळी गोष्ट आहे. योकला चीर गेली तर नवा करा, पण त्याच मापाचा करा. स्टेम पुढेमागे सरकवून वळण वाढवायचं आणि वर सुरक्षिततेचं नाव सांगायचं, हे बरोबर नाही.

ओढ्याकाठची

मी गाडी चालवत नाही. नवरा चालवतो, आणि मी गेली नऊ वर्षं यॉर्कशायरमध्ये ऑब्झर्व्हर म्हणून उभी राहते. हातात कार्ड आणि भोक पाडायचा पंच, पायात गमबूट, सकाळी दहापासून शेवटचा गडी जाईपर्यंत. तिथून जे दिसतं ते सांगते.

जड गाडी सेक्शनमध्ये शिरली की मी डोळ्यांइतकीच कानांनी बघते. मोठं सिंगल सिलेंडर इंजिन इतकं हळू होतं की ठोके मोजता येतात. चालवणारा फूटरेस्टवर उभा, गुडघे सैल, एक बोट क्लचवर. मागच्या टायरमध्ये हवा अगदी थोडी, चार-पाच पौंड, त्यामुळे टायर दगडावर हातासारखा पसरतो. मग एका दगडापाशी दोन ठोक्यांमध्ये जास्तच अंतर पडतं आणि मी श्वास धरते, आता बंद पडणार. तेवढ्यात पुढचा ठोका येतो आणि गाडी वर चढते. हे बघायला मी पावसात उभी राहते.

आणि हे टिकलंय ते एकाच नियमामुळे, नॉन-स्टॉप. चाल थांबली की पाच. जिथे थांबायला मुभा असते तिथे चालवणारा तोल धरून उभा राहतो, पुढचं चाक उचलून बाजूला ठेवतो, मग मागचं ठेवतो. नवी हलकी गाडी असं उड्या मारत वळते, सव्वाशे किलोची गाडी नाही वळत. 2013 मध्ये जागतिक स्पर्धेतही नॉन-स्टॉप परत आणला होता, म्हणजे हा काही म्हाताऱ्यांचा हट्ट नाही.

मला खरी अडचण तिथे दिसते. कितीतरी ऑब्झर्व्हर अर्ध्या सेकंदाचं थांबणं सोडून देतात, कारण वाद नको असतो. ते सोडलं की फायदा हलक्या गाडीला होतो. फोर्कच्या आत काय आहे ते मी ओढ्यात उभी राहून कसं तपासू? गाडी थांबली की नाही एवढं मात्र मला दिसतं. तेवढं काटेकोर करा आणि सेक्शन आखणाऱ्याला एकदा मोठ्या गाडीवर बसवून तो रस्ता जाऊ द्या. नाहीतर दोन रस्ते ठेवा, एक अवघड, एक सोपा. बऱ्याच क्लबांत तसं असतंच.

मिडलंड्सवाला

ताई, थांबण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. हा मुद्दा मी धाग्यात आधीच घ्यायला हवा होता.

पण दोन रस्त्यांनी माझं समाधान होत नाही. होतं असं की खरी जुनी गाडी सोप्या रस्त्यावर जाते आणि नवी बांधलेली अवघड रस्त्यावर. गॉर्डन जॅक्सनने 1961 मध्ये 350 एजेएसवर सहा दिवसांची स्कॉटिश जिंकली, सबंध आठवड्यात एकदाच पाय टेकला, एकूण गुण 1. ती गाडी सोप्या रस्त्याची नव्हती. तिच्या बहिणींना आज नवशिक्यांच्या दोरीमागे उभं करायचं हे मला सहन होत नाही.

किनलॉखलेव्हनला मी दोनदा बघायला गेलो आहे. अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी डोंगरावरून पाण्याचे मोठे पाइप आणले होते, त्यांच्या कडेने जी चढण जाते ती पाइपलाइन. खाली उभं राहिलं की वर चढणाऱ्या गाडीखालून गडगडणारे दगड ऐकू येतात. तिथे जड गाड्या किती दिसल्या ते बोटांवर मोजता आलं. बाकी कब आणि बँटम, म्हणजे छोट्या हलक्या गाड्या. जागा कमी, अर्ज जास्त, सोडत काढावी लागते. अशा वेळी जी जागा नव्या चेसिसला जाते ती एखाद्या खऱ्या गाडीची जात असते.

सांगलीची बुलेट

दुरून वाचतोय, ट्रायल फक्त व्हिडिओत पाहिली आहे. पण माझा प्रश्न तुमच्या नियमाला थेट भिडतो.

आमच्याकडे वडिलांची 1987 ची बुलेट 350 आहे. मद्रासला 1955 मध्ये कंपनी उभी राहिली, सुरुवातीला सुटे भाग आणून जोडणी, मग पूर्ण गाडी तिथेच. त्यानंतर कित्येक दशकं तेच कास्ट आयर्नचं इंजिन, तसेच ड्रम ब्रेक, गिअर उजव्या पायाला. जॉनी ब्रिटन ज्या बुलेटवर 1952 आणि 1957 ची स्कॉटिश जिंकला, तिच्याच घराण्यातली ही गाडी. माझ्या फिटरने तिचं इंजिन उघडलं तेव्हा त्याच्यासमोर इंग्रजी गाडीचं जुनं मॅन्युअल होतं, आणि मापं जुळत होती.

मग ही जुनी की नवी? तुमच्या चार भागांच्या नियमाने माझी गाडी चारही भागांत बाद. आणि नव्या चेसिसचा कब लेथमास्तरांच्या नियमाने आत. दोन्ही मला चुकीचं वाटतं. मिडलंड्सवाले, तुमच्या 1958 च्या गाडीत आपल्याकडचा एकही भाग नाही का?

लेथमास्तर

याचं उत्तर मीच देतो. रेडिचच्या बुलेटी माझ्याकडे येतात त्यांत भारतातून आलेलं सिलेंडर, पिस्टन, क्लच प्लेट हे नेहमीचं आहे. ते भाग मिळत राहिले म्हणून इंग्लंडमधल्या कितीतरी बुलेटी अजून धावतात. म्हणजे तारीख भागावर नाही, आराखड्यावर लावावी लागेल. मी हेच म्हणतोय.

मिडलंड्सवाला

आहेत. सिलेंडर आणि ब्रेकचे ड्रम भारतातले आहेत. माझ्याच चौथ्या अटीत माझाच हब बसत नाही, हे सांगलीकरांनी विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा अट बदलतो. भाग कधी बनला ते सोडून देतो. पण मापं 1965 पूर्वीच्या गाडीचीच हवीत. चेसिसचा कोन, दोन चाकांमधलं अंतर, फोर्कच्या नळीची जाडी, हँडल किती वळतं ते. ही फूटपट्टीने आणि कोनमापकाने सकाळी सही करतानाच तपासता येतात, ओढ्यात उभ्या असलेल्या ताईंवर भार नको. लेथमास्तर, चिरलेल्या योकच्या जागी नवा लावा, पण भोकं जुन्याच ठिकाणी पाडा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवरचा माझा राग मागे घेतो. जुन्या इग्निशनचे पॉइंट साफ करण्यात माझीही अर्धी सकाळ जाते.

या हिशेबाने 1987 ची बुलेट आत येते, आणि मला ती आत आलेली आवडेल. पण ‘ब्रिटिश बनावटीची’ ही वेगळी अट बऱ्याच ठिकाणी असते, तिथे अडेल.

लेथमास्तर

मापांवर मी तयार आहे, पण कुठल्या गाडीची मापं? मिलरची एरियल धरणार की शोरूममधली? कारखान्याच्या खास गाड्यांचे कोन छापील पुस्तकात नसायचे.

ओढ्याकाठची

शोरूममधलीच धरा. ज्याला खास गाडीची मापं हवीत त्याने त्या काळचा फोटो किंवा कागद आणून दाखवावा, तोवर तो वेगळ्या गटात. आमच्या क्लबची सभा नोव्हेंबरात आहे. मिडलंड्सवाले, मापांची अट चार ओळींत लिहून पाठवा, मी मांडते. त्याबरोबर अर्ध्या सेकंदाचं थांबणंही मांडणार आहे, तेवढं मी सोडणार नाही.