शाहू स्टेडियमबाहेर राडा झाला, तर बघ्यांवरही गुन्हा?

प्रश्न : कोल्हापुरात फुटबॉल सामन्यानंतर दोन तालमींच्या संघांचे समर्थक भिडले आणि व्हिडिओत चेहरा दिसला, तर लगेच अटक होते का?

उत्तर १ : पाच किंवा जास्त जण बेकायदा हेतूने जमले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १८९ लागतं. हिंसा झाली की १९१(२), म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद; घातक हत्यार असेल तर १९१(३), पाच वर्षांपर्यंत. कलम १९० मुळे एकाने मारलेला दगड सगळ्यांच्या अंगावर येतो. मात्र नुसती उपस्थिती पुरेशी नाही, समान उद्दिष्ट सिद्ध करावं लागतं. म्हणून दगडफेक सुरू होताच तिथून निघा, चित्रीकरण करत थांबू नका.

उत्तर २ : सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे लगेच अटक न करता पोलिसांसमोर हजर राहायला सांगणारी नोटीस येते. तारखेला हजर राहा, पोच घ्या. टाळलीत तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवता. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेलं पाहिजे.

उत्तर ३ : पोरांनो, बंदोबस्तावरच्या पोलिसावर हात टाकू नका! न्याय संहितेचं कलम १३२ अजामीनपात्र आहे. १९१(२) मध्ये निदान जामीन हक्काचा असतो.