काउंटडाउन टायमरसाठी चांगलं ॲप सुचवा (तातडीने)

घाईगडबड
काउंटडाउन टायमरचं एक धड ॲप हवं आहे. जी उतरवून पाहिली त्यांत एक तर जाहिरातींचा मारा, नाहीतर वेळ संपली तरी ढिम्म वाजत नाही. थोडे पैसे भरायची तयारी आहे. उद्याच लागणार आहे, त्यामुळे 'प्ले स्टोअरवर शोधा' असं कृपया सांगू नका, तिथूनच आलोय.

कोपरा
अँड्रॉइड की आयफोन?

तिरपागडे
@कोपरा, प्ले स्टोअर लिहिलंय की वर.

पानगळ
मी मुलीच्या परीक्षेसाठी विजेट लावलं आहे. रोज सकाळी किती दिवस उरले ते दिसतं, मागे आपला फोटोही ठेवता येतो. फारच गोड आहे.

घाईगडबड
दिवस नकोत हो. मिनिटं.

शिस्तप्रिय
मग पोमोडोरो वापरा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी ही पद्धत १९८०च्या दशकात काढली. आयुष्याला वळण लागतं.

तिरपागडे
त्यांनी वळण मागितलेलं नाही, टायमर मागितलाय.

कोपरा
फोनसोबत आलेल्या घड्याळातला टायमर का नको? त्यात एकाच वेळी अनेक टायमर लावता येतात, प्रत्येकाला नाव देता येतं. आयफोनवाल्यांना ही सोय मिळायला आयओएस १७, म्हणजे २०२३ उजाडलं.

घाईगडबड
लांबून दिसत नाही.

कोपरा
लांबून कोणाला?

घाईगडबड
व्यासपीठावरून, बोलणाऱ्याला. वक्तृत्व स्पर्धा आहे. प्रत्येकी ८ मिनिटं, ७ झाली की इशाऱ्याची घंटा, ८ झाली की शेवटची. समोरच्या टेबलावर टॅबलेट उभा ठेवणार.

तिरपागडे
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर परीक्षा आणि पोमोडोरो दोन्ही वाचलं असतं.

खटपट्या
न वाजण्याबद्दल. दोष बहुधा ॲपचा नाही, बॅटरी वाचवण्याचा आहे. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) डोझ आलं. स्क्रीन बंद करून फोन पडून राहिला की मागे चाललेली ॲप्स झोपवली जातात. त्यात अँड्रॉइड १४ पासून नव्याने उतरवलेल्या बहुतेक ॲप्सना ठरल्या सेकंदाला अलार्म वाजवायची परवानगी आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमध्ये 'विशेष ॲप ॲक्सेस'खाली 'अलार्म आणि रिमाइंडर' असतं, तिथे चालू करा. त्याच ॲपच्या बॅटरी वापरावरचे निर्बंधही काढा. काही कंपन्या याहून वेगळे कुलूपकिल्लीचे प्रकार घालतात, ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये शोधावे लागतात.

निवांत
पण स्क्रीन चालू असताना डोझ लागतच नाही! यांचा टॅबलेट तर समोर उघडा असणार. आधी आवाज तपासा. अलार्मचा आवाज आणि मीडियाचा आवाज वेगवेगळा असतो, काही टायमर मीडियाच्या आवाजावर वाजतात आणि तो शून्यावर असतो.

खटपट्या
त्यांनी ॲप तपासताना स्क्रीन चालूच ठेवली होती हे तुम्हाला कसं कळलं?

घाईगडबड
बंद होती. भांडू नका, उद्याचं सांगा.

कोपरा
घड्याळातच ७ चा एक आणि ८ चा एक, दोन टायमर लावा. झालं काम.

निवांत
दोन्ही एकाच क्षणी कसे सुरू करणार? शिवाय आकडे बारीकच. व्यायामवाले इंटरव्हल टायमर वापरतात तसलं ॲप घ्या. पहिला टप्पा ७ मिनिटांचा, दुसरा १ मिनिटाचा, प्रत्येकाला वेगळा आवाज. बहुतेकांत आकडे पडदाभर दिसतात, कारण व्यायाम करणाराही लांबच असतो. टप्पा बदलला की रंग बदलणारं मिळालं तर फारच छान. वक्ता आकडे वाचत नाही, रंग मात्र त्याला दिसतो.

पानगळ
ब्राउझरमध्ये उघडणारे टायमर पण असतात ना? काही उतरवायला नको.

खटपट्या
चालतात, पण टॅब पुढ्यात हवा. क्रोम ८८ पासून पाच मिनिटांहून जास्त मागे पडलेल्या टॅबमधले टायमर मिनिटातून एकदाच तपासले जाऊ शकतात. आणि घाईगडबड, टॅबलेट चार्जिंगला लावून डेव्हलपर पर्यायांतलं 'जागे राहा' चालू करा, म्हणजे मध्येच स्क्रीन काळी होणार नाही. नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर भाषणाच्या ऐन रंगात कोणाचा तरी निरोप झळकेल. 'व्यत्यय आणू नका' (डू नॉट डिस्टर्ब) लावलंत तर त्यात अलार्मला सूट आहे ना ते बघा.

भोचक
कोणतंही ॲप घ्या, पण टायमरला लोकेशन आणि संपर्कयादी कशाला लागते हे विचारा. एफ-ड्रॉइडवर (मुक्त स्रोत ॲप्सचं दुकान, प्ले स्टोअरसारखं) मुक्त स्रोत टायमर मिळतात, सहसा जाहिरात नाही, हेरगिरी नाही. बाकी सगळं आपल्या जोखमीवर.

शिस्तप्रिय
अवांतर: भाषणाच्या तयारीसाठी पोमोडोरो उत्तम.

तिरपागडे
एक माणूस, एक मनगटी घड्याळ, एक पितळी घंटा. इतकी वर्षं स्पर्धा अशाच झाल्या.

निवांत
आणि परीक्षकांच्या पुतण्याला अर्धं मिनिट जास्त मिळायचं.

घाईगडबड
इंटरव्हलवालं लावलं. ७ अधिक १ बरोबर चालतंय, आकडेही भिंतीपासून दिसले. पण शेवटी घंटेऐवजी एक बाई इंग्रजीत 'वर्कआउट कंप्लीट' म्हणून ओरडते. ते कसं घालवायचं?

कोपरा
ॲप कोणतं घेतलंत?