जड, जुन्या बंदुकीसाठी वारंवार वापरता येईल अशी पेटी

प्रश्न: आमच्या संग्रहातील तटावरून डागायची, सहा फूट लांब आणि 18 किलो वजनाची तोड्याची (पेटत्या वातीने बार उडवायची) बंदूक प्रदर्शनांसाठी ट्रकने न्यावी लागते. अनेक फेऱ्या टिकेल अशी पेटी कशी करावी?

उत्तर 1: 12 मिमी मरीन प्लायवूडच्या कडांना आतून लाकडी पट्ट्या गोंद व स्क्रूने जोडाव्यात. झाकणाला मात्र बोल्ट आणि लाकडात बसवलेले धातूचे नट वापरावेत, कारण तोच स्क्रू पुन्हापुन्हा फिरवल्यास लाकडातील पकड जाते. बंदुकीचे वजन नळीने पेलावे, दस्त्याच्या बारीक मानेने मुळीच नाही. म्हणून नळीच्या गोलाईप्रमाणे कापलेले दाट पॉलिथिलीन फोमचे आधार द्यावेत आणि दोन्ही टोकांना ठोकळे बसवावेत, अन्यथा ब्रेक लागताच ती पुढे सरकते.

उत्तर 2: गादीचा स्पंज स्वस्त पडतो खरा, पण काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. प्लायवूडमधून निघणारी आम्लयुक्त वाफ धातूला बाधते, त्यामुळे आतून ॲल्युमिनियमचा थर असलेले अस्तर लावावे आणि ओलावा शोषायला सिलिका जेल ठेवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तळाला उचलयंत्रासाठी आडव्या फळ्या द्याव्यात का?

उत्तर 1: अवश्य. त्यामुळे पेटी ओल्या जमिनीलाही टेकत नाही.