घर सोडलं, आता भाच्याच्या मुंजीला जावं का?

जुना_वाडा:
नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले. बाबांचा हात उठायचा, आधी आईवर, मग माझ्यावर. वरण खारट झालं, गणितात मार्क कमी पडले, क्लासवरून यायला उशीर झाला, कारण कुठलंही चालायचं. बाहेर त्यांना फार मान. गणपतीत मंडळाची आरती त्यांच्या हस्ते व्हायची. वाड्यात सगळ्यांना ऐकू जायचं, पण कुणी कधी दार वाजवलं नाही.

नोकरी लागली तसं माझं पासबुक त्यांच्या कपाटात गेलं. एका रात्री मी एटीएम कार्ड परत मागितलं आणि माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी घर सोडलं. आता कारेलीबागेत मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. पगार माझ्या खात्यात येतो, भाजी माझ्या मनाची होते.

पण बाबा संध्याकाळी स्कूटर स्टँडला लावायचे ना, तो खट्ट आवाज माझ्या अंगातून जात नाही. इथे सोसायटीत कुणीही स्कूटर लावली की हात गार पडतात. मी गॅस बारीक करते, मोबाइल उशीखाली सारते, आणि मग लक्षात येतं की घरात मी एकटीच आहे.

उन्हाळ्यात दादाच्या मुलाची मुंज आहे. आई रोज फोन करते. बाबा आता थकलेत, झालं गेलं विसर, सख्खी आत्या नसली तर लोक काय म्हणतील. भाच्यावर माझा फार जीव आहे. जावं का? आणि हे आवाजाचं कधी थांबतं का? माझ्या मार्कशीट आणि डिग्रीही त्याच कपाटात आहेत.

निवृत्त_शिक्षक:
ताई, वाईट झालं. पण शेवटी जन्मदाते आहेत. वय झालं की माणूस बदलतो. एकदा जाऊन पाया पडा, मनावरचं ओझं उतरेल.

मांजलपूरची_मावशी:
सर, राग मानू नका, पण ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं कुणी? वडिलांनी एकदा तरी म्हटलंय का, की पोरी, माझं चुकलं? आईच्या फोनमध्ये ते कुठेच नाही. ते थकलेत, एवढंच आहे. थकणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

बाळा, मी सासरी अशी वर्षं काढली आहेत. सुटल्यावरही पुष्कळ दिवस कुणी खाकरलं तरी मी ताटावरून उठायचे. सासरे खाकरत आत यायचे आणि मागून शिव्या सुरू व्हायच्या. डॉक्टरांनी समजावलं की अंगाने धोका ओळखायला शिकून घेतलेलं असतं, त्यामुळे विचार करायच्या आधीच ते तयारीला लागतं. हा तुझा दुबळेपणा नाही. मनगटाला प्लास्टर घातलंस, तसे यालाही डॉक्टर आणि वेळ दोन्ही लागतात. कारेलीबागेतच सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, तुला जवळ पडेल. रात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरव, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.

तोवर आवाज आला की अनवाणी फरशीवर उभी राहा आणि मोठ्याने बोल. आज कुठला वार आहे, हे घर कुणाचं आहे, दाराची किल्ली कुणाकडे आहे. मला शेवटच्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

मुंजीचं म्हणशील तर भाच्यावरची माया आणि त्या घरात पाऊल टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाच्याला दुसरीकडे भेटता येतं. मांडवात गेलीसच तर गाडी तुझी आणि सोबत तुझी मैत्रीण. पाया पडायला कुणी पुढे ढकललं तर तिथूनच परत फिरायचं.

कोर्टाची_पायरी:
मी वकिलाकडे काम करते, म्हणून कागदांपुरतं सांगते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. वडिलांविरुद्ध मुलीलाही तो लागू होतो, आणि मारहाणीइतकाच पैसे अडकवून ठेवणं हाही त्यात छळच धरलाय. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून अडकवलेल्या वस्तू परत मागता येतात. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात चौकशी करा. केस नको असेल तर बोर्डाकडून आणि युनिव्हर्सिटीतून डुप्लिकेट निघतात. वेळ लागतो, पण त्या कपाटापर्यंत जावं लागत नाही. कुणी दारात येऊन तमाशा केला तर १८१ अभयम, म्हणजे गुजरातची महिला हेल्पलाइन, फिरवा. समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन येतात.

जुना_वाडा:
मावशी, तुमचं मैत्रिणीला वाचून दाखवलं. दोघी रडलो.

मुंजीला जाणार नाही. आईला आजच फोनवर सांगितलं. ती खूप बोलली, मी फोन ठेवला नाही आणि हो पण म्हटलं नाही. दादा भाच्याला एका रविवारी कमाटीबागेत आणतो म्हणालाय. त्याच्यासाठी चांदीची वाटी घेऊन ठेवते. डुप्लिकेटचे अर्ज या आठवड्यात भरते. केस करायची की नाही ते अजून ठरत नाहीये.

एकच विचारायचंय. मानसिक रुग्णालयात केस पेपर काढताना नातेवाईक सोबत लागतो का?

मांजलपूरची_मावशी:
नाही गं. सज्ञान माणूस ओपीडीत एकटा जाऊन दाखवू शकतो. आधार कार्ड घे आणि सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते. एकटीला नको वाटलं तर इथे मेसेज टाक, मी येते.